लायमन ओसगुडची रायफल आणि दुसऱ्याच रायफलचा बोल्ट

मी, डॅरिल ओसगुड, वय चोवीस, मूळचा कार्व्हर्स मिल, ओहायो इथला, सध्या डच हार्बर, अलास्का येथे खेकड्यांच्या बोटीवर कामाला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. जबरदस्ती म्हणाल तर कप्तानाची आहे. हंगामाआधी हा कागद दिल्याशिवाय तो कोणाला बोटीवर चढू देत नाही. शाळा मी नववीत सोडली, तेव्हा चुका सांभाळून घ्याव्यात.

कलम एक. बँकेत जे असेल ते बहीण नोरीन हिला. फार नसेल. नऊ वर्षांत मी अकरा नोकऱ्या सोडल्या आहेत, त्यातल्या चार पगाराच्या आदल्या दिवशी.

कलम दोन. रबरी बूट ज्याला येतील त्याने घ्यावेत. बोटीवरच्या आयव्हरला येणार नाहीत. त्याने प्रयत्न करून फाडू नयेत.

कलम तीन. आजोबा लायमन ओसगुड यांनी पंचेचाळीस साली लढाईवरून आणलेली जर्मन रायफल त्यांनी मला दिली होती. ती मर्लकाकाच्या कपाटात आहे, पण त्याची नाही. ती नोरीनला. नळीच्या मुळाशी ४३ हा आकडा आणि कारखान्याची तीन छोटी अक्षरे आहेत, म्हणजे ती त्रेचाळीस साली बनली. हे मी एका जुन्या बंदुकांच्या व्यापाऱ्याकडे दोन हिवाळे राबून शिकलो. (ती नोकरी मी सोडली नव्हती. दुकानच बंद पडले.) नोरीनला घासपूस करायची फार हौस आहे. तिने या रायफलीला पॉलिश, वॉर्निश काहीही लावू नये. लाकडावरचा तो मळकट काळा रंग काढला की निम्मी किंमत गेली.

उरलेली निम्मी आधीच गेलेली आहे. रायफलीवर नंबर ६१७२, आणि गोळी नळीत ढकलायला मागेपुढे सरकणाऱ्या बोल्टवर ३४०८. सगळ्या भागांवर एकच नंबर असला तर घेणारा टोपी काढतो, नाहीतर नुसती मान हलवतो.

हा ३४०८ कोणाचा, ते मला गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये कळले. तिथे भिंतीवर ऑरव्हिल हेस यांची रायफल टांगलेली आहे. हे आजोबांचे एकाच पलटणीतले दोस्त. रायफल ३४०८, बोल्ट ६१७२. हेसकाका खालीच कॉफी पीत बसले होते. मी विचारले तर म्हणाले,

"अरे, परतीच्या जहाजावर सगळ्यांचे बोल्ट काढून घेतले आणि एका पिंपात टाकले. कोणी दारू पिऊन गोळीबार करू नये म्हणून. उतरताना हात घाल आणि येईल तो उचल, मागे रांग लागलेली. तुझा आजा माझ्या मागे होता. त्याला वाटलं, मी मुद्दाम त्याचा उचलला."

"मग परत का नाही दिलात?"

"त्याने मागितला कुठे? आणि चोर म्हणणाऱ्याच्या घरी आपण होऊन कोण जातो?"

असे दोघे पन्नास वर्षे एकाच चर्चमध्ये एकमेकांकडे पाठ करून बसले. आजोबा गेले तेव्हा हेसकाका दफनभूमीच्या फाटकाबाहेर गाडीत बसून होते. मी पाहिले होते.

हे मी मर्लकाकाला सांगितले. ती माझी चूक. तो म्हणाला, "बघ, चोरच निघाला! पण आपल्याला त्याची गरजच काय? आकडा घासून टाकू, ६१७२ ठोकू. घेणाऱ्याला काय कळतंय?" घेणाऱ्याला कळते. पोलाद तिथे खोलगट होते, बोटाला लागते. आणि एकदा घासला की हेसकाकांचा बोल्ट जगातून गेला. म्हणून मर्लकाका मासेमारीला गेला असताना मी बोल्ट मोज्यात गुंडाळला आणि इथे निघून आलो. तो माझ्या गादीखाली आहे. मर्लकाका, शोधणे थांबव.

कलम चार. माझ्या मृत्यूनंतर हा बोल्ट ऑरव्हिल हेस यांना मिळावा.

इथपर्यंत साक्षीसाठी वाचून दाखवले. बोटीवरचा स्वयंपाकी फिडेल भात निथळत होता. म्हणाला, "म्हातारा किती वर्षांचा?"

"अठ्ठ्याहत्तर."

"आणि तू चोवीस. तू मरायची वाट त्याने कुठवर बघायची रे, शहाण्या?"

आयव्हर हसला. फिडेल हसला नाही. त्याने बिस्किटांचे रिकामे खोके काढून माझ्यापुढे आपटले.

कलम चार रद्द. बोल्ट आजच पोस्टाने पाठवला. खोक्यात चिठ्ठी ठेवली आहे: "हेसकाका, हा तुमचा. आमचा पाठवू नका, मी एप्रिलमध्ये स्वतः येऊन घेईन."

सबब हे मृत्युपत्र एप्रिल संपेपर्यंत लागू होऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

सही: डॅरिल ओसगुड

साक्षीदार: फिडेल मगबानुआ, स्वयंपाकी
साक्षीदार: आयव्हर स्टोकी, खलाशी (बुटांबाबत नाराजी नोंदवून)

डच हार्बर, अलास्का. ११ जानेवारी १९९९.