चमचाभर दूध आणि एक किडनी

४ मार्च

प्रिय आपास,
धाकट्या भावाचा सादर सलाम वि. वि.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. कागद तरी तुला मध्येच कट करता येणार नाही.

काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझी किडनी तुला जुळते. मी आनंदाने दुकानातल्या कारागिराला चहा पाजला. घोट संपायच्या आत कळलं की तू नको म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड करून झोपलीस. आठवड्यातून तीनदा चार-चार तास त्या डायलिसिसच्या यंत्राला बांधून घेतेस, ते चालतं का? मी तीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतोय. माझ्या पेटीत प्रत्येक भाग एक जास्तीचा असतो. देवानेही माणसात एक जास्तीची ठेवली ती उगाच नाही, असा माझा धंद्यातला अंदाज.

नाही का म्हणालीस, ते लिही. राग नसावा, असला तर पत्रातच काढावा.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

शरीर आपलं नाही, अमानत आहे. गिऱ्हाईक मशीन ठेवून गेलं तर त्यातला भाग काढून तू दुसऱ्याच्या मशीनला लावशील का? मग वरच्याच्या मालाला हात कसा लावतोस?

डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर वर्ष काढणं कठीण. माझं म्हणणं एवढंच, की जूनमधलं लग्न बघू दे. तुझी लेक सून होऊन माझ्या उंबऱ्यात आली की मी सुटले. लग्नाची तारीख हलवू नकोस. लग्नात खोट निघेल असं काही करू नकोस. लग्न नीट लागलं पाहिजे.

तब्येत सांभाळ. आहे तेवढी माया पुरे, जास्तीचे भाग देऊ नकोस.

तुझी आपा

१५ मार्च

प्रिय आपास,
सादर सलाम वि. वि.

गिऱ्हाइकाच्या मशीनचा टोला वर्मी बसला. तडक इमामसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, यात जाणत्यांची मतं दोन आहेत. काही तुझ्यासारखंच म्हणतात: शरीर अमानत, त्याला हात लावू नये. पण पुष्कळजण परवानगी देतात. अटी अशा, की जीव वाचवायचा असावा, देणाऱ्याच्या जिवाला धोका नसावा, त्याने राजीखुशीने द्यावं आणि विकू नये. शेवटची अट ऐकून माझा चेहरा पडला म्हणे. धंद्याची सवय, दुसरं काय. माझ्या प्रश्नाला त्यांनी होकारच दिला.

आता माझं ऐक. तुझ्या एवढ्याशा पत्रात वरचा एकदा आलाय आणि लग्न चारदा. गिऱ्हाईक सुई खराब आहे म्हणून सांगतं, पण मी मशीन फिरवून आवाज ऐकतो. तुझी खरखर सुईत नाही, खाली कुठेतरी आहे. झाकण उघड बघू.

लोभ आहेच, खरेपणाही असावा.

तुझा धाकटा

२० मार्च

चि. खटपट्यास,
आशीर्वाद. तुझे कान उपटायला हवे होते लहानपणीच.

सांगते. हसलास तर याद राख.

तुझी लेक जन्मली आणि तुझी बायको तापाने दवाखान्यात पडली, तेव्हा माझा पोरगा अंगावर पीत होता. तू पोर माझ्या मांडीवर टाकलीस आणि म्हणालास, पाज. मी पाजलं नाही. रात्रंदिवस चमच्याने वरचं दूध घातलं. सगळे मला दगड म्हणाले. अरे, मी पाजलं असतं तर ती माझ्या पोराची दूधबहीण झाली असती! त्या इवल्याशा तोंडाकडे बघूनच माझ्या मनाने ठरवलं होतं, ही माझी सून.

तेवीस वर्षं बोल खाल्ले, पण नातं मोकळं ठेवलं. आता चार घोट दुधाने लग्न हराम होतं, तर तुझी अख्खी किडनी माझ्या पोटात गेल्यावर काय होईल? इमामसाहेबांना हे विचारायची लाज वाटते. पोरांचं लग्न मोडून मला जगायचं नाही.

तुझी आपा

२३ मार्च

प्रिय आपास,
सलाम. आज वि. वि. लिहायलाही हात थांबत नाही.

मी हसलो नाही. इमामसाहेब हसले. चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी. म्हणाले, दुधाचं नातं दुधाचंच आणि तेही तान्ह्या बाळाशी. रक्ताने किंवा किडनीने ते जडत नाही. मग म्हणाले, "अरे, तुम्ही दोघं एकाच आईच्या पोटातून आलात. किडनी आणखी कुठलं नातं लावणार?"

घरी येऊन तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं. तेवीस वर्षं ती म्हणायची, नणंदेने माझ्या तान्हीला पदराआड घेतलं नाही. खरं सांगतो, मीही ते मनात ठेवलं होतं. आता ती रडतेय, आणि मध्येच म्हणतेय की विहीण मिळावी तर अशी पाताळयंत्री.

ऑपरेशनसाठी दोन एप्रिलची तारीख घेतलीय. भिंतीकडे तोंड केलंस तर भिंतीपलीकडून येईन.

तुझा धाकटा

६ एप्रिल

चि. खटपट्यास,
आशीर्वाद वि. वि.

तू दोन जिने खाली असल्याने हे नर्सबाईंच्या हाती पाठवते. किडनी टेबलावरच चालू झाली म्हणे. तुझ्या हातची वेळेत झालेली ही पहिलीच डिलिव्हरी. पण तिच्यात तुझा काहीतरी अंश आलाय खास. सकाळपासून माझ्या पलंगाची करकर कुठून येते ते मी कान लावून शोधतेय.

भावजयीला सांग, तो चमचा मी जपून ठेवलाय. लग्नात लेकीच्या हातात तोच देईन. पुढे कुणाची तान्ही तिच्या मांडीवर आली तर काय करायचं, ते लेकीला बरोबर कळेल.

लोभ असावा, असं आता लिहीत नाही. तो डॉक्टरांनी टाके घालून आत बसवलाय.

तुझी आपा