नोंदींमधल्या कोऱ्या पट्ट्या

३ मार्च

पोचले एकदाची! दादानं बसमध्ये बसवताना इतक्या सूचना दिल्या, जणू मी बेचाळीस वर्षांची बाई नसून सहलीला निघालेली पोर आहे. वृद्धाश्रम म्हटल्यावर मी उगाच उदास जागा डोळ्यांपुढे आणली होती. इथं तर पिवळ्या भिंती, लांब व्हरांडा, धुतलेले पडदे. खाली आठ खोल्या, आठ म्हातारी माणसं. वर ऑफिस आणि त्याला लागून माझी खोली. सगळा कारभार मोठ्या सिस्टर बघतात. आवाज असा मऊ की ऐकताना कुणी डोकं थोपटतंय असं वाटावं. त्यांनी एक फॉर्म भरून घेतला. घरचा नंबर म्हणून मी दादाचा दिला.

काम सोपं आहे. खालच्या सिस्टर प्रत्येक खोलीच्या नोंदी मोबाइलवरून टाकतात. मी ते पान ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये उघडायचं आणि त्याची प्रत घरच्यांना मेल करायची. माझ्या आधीची ताई म्हणे न सांगताच निघून गेली. सध्या पान नीट दिसत नाहीये, तेवढं आधी बघ, असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या. दुकानात नऊ वर्षं लोकांची कॉम्प्युटरं दुरुस्त केलीत मी. डाव्या हातचा मळ!

४ मार्च

डाव्या हातचा मळ कसला, दिवसभर घाम फुटला. पानावर ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, आणि मधे मधे कोऱ्या पांढऱ्या पट्ट्या. रिफ्रेश केलं, ब्राउझरनं साठवलेली जुनी पानं पुसली, अक्षर लहानमोठं केलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ढिम्म.

दुपारी सहा नंबरच्या आजींशी गप्पा झाल्या. चित्रकला शिकवायच्या शाळेत. मी पेन चुकीचं धरते म्हणून बोटांवर चापटी मारली. मग हळूच म्हणाल्या, लेकीला फोन लावून देशील का? मी मोठ्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, लेकीलाच ते आवडत नाही गं, कामात असते बिचारी.

पांढऱ्या पट्ट्या सगळ्यात जास्त सहा नंबरच्याच नोंदींत आहेत. असेल योगायोग.

६ मार्च

सापडलं! ब्राउझरची खासगी खिडकी उघडून पाहिली, तिथं प्लगइन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, चालत नाहीत. पान लख्ख दिसलं. म्हणजे खोड प्लगइनची. सहा प्लगइन होते, एकेक बंद करत गेले. पाचवा बंद केला आणि ओळी जागेवर आल्या. ब्राउझर नुकताच अपडेट झालाय, तेव्हापासून हा लंगडतोय. पूर्वी ओळ काढून जागा सांधून टाकायचा, आता जागा तशीच राहते.

पण ओळी काढायच्याच कशाला? त्याची सेटिंग उघडली. शब्दांची यादी आहे. रडल्या. फोन. घरी. पडल्या. दुप्पट. उठत नाहीत. ज्या ओळीत यातला एखादा शब्द, ती गायब.

“सहा नंबर: घरी फोन लावा म्हणून रडल्या. गोळी दिली.” पुढे: “गोळी दुप्पट केली.” घरी गेलेल्या प्रतीत एवढंच: “भूक चांगली. झोप शांत.”

७ मार्च

मोठ्या सिस्टरना सरळ विचारलं. त्या रागावल्या नाहीत, हसल्या. म्हणाल्या, अगं, लांब राहणारी लेकरं उगाच धास्तावतात, म्हणून बारीकसारीक गाळतो. तू फक्त पान पूर्वीसारखं सुबक कर. पटलंही, आणि नाहीही. प्लगइन पुन्हा चालू केला. उठताना त्यांनी माझा मोबाइल सहज हातात घेऊन पाहिला. छान आहे, म्हणाल्या.

संध्याकाळपासून त्या स्वतः मला चहा आणून देतात.

९ मार्च

सहाव्या खोलीतली गादी उन्हात टाकलीय. लेक पहाटे येऊन घेऊन गेली, असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, आजी मला न सांगता जातील?

अकरा वाजता ऑफिसचा फोन वाजला. बाईचा आवाज. “मी सहा नंबरची मुलगी. आई उठली का हो? जरा देता का तिला?”

मोठ्या सिस्टरनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि त्याच मऊ आवाजात सांगितलं, आत्ताच डोळा लागलाय हो, उठवत नाही.

मोठ्या सिस्टर खाली उतरल्यावर प्लगइन बंद केला. “सहा नंबर: पहाटे गेल्या. घरी इतक्यात कळवू नये.”

१० मार्च

मोबाइल सापडत नाही. चहामुळे की काय, दुपारी चार तास मेल्यासारखी झोपले.

पान पुन्हा उघडलं. आठ खोल्यांखाली नववी आहे. नऊ नंबर इथं कुठाय? मग दाराकडे पाहिलं. माझ्या दारावर पाटी काढल्याचे चार स्क्रूचे खड्डे.

“नऊ नंबर: घरी जायचे म्हणतात. स्वतःला ऑफिसातली कर्मचारी समजतात. कॉम्प्युटरवर बसू दिले की शांत.” तारीख परवाची, मी विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

वर सरकवलं. जानेवारीतही नऊ नंबर. हीच वाक्यं. म्हणजे माझ्या आधीची ती ताई. तिची शेवटची ओळ— “उठत नाहीत.”

११ मार्च

चहा बेसिनमध्ये ओतला. फाटकावर गेले. रखवालदार नजर वळवून म्हणाला, पेशंटना चिठ्ठीशिवाय सोडत नाही.

ऑफिसच्या फोनवर दादाचा फोन आला, मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या. मी भडाभडा सगळं सांगितलं. तो म्हणाला, “छकुले, सिस्टर रोज मेल करतात मला. तू गोळ्या नीट घे. मी पुढच्या महिन्यात येतो.”

लहान मुलाशी बोलावं तसा बोलला. माझा दादा—

१२ मार्च, सकाळ

केलं. प्लगइन काढून टाकला. पुऱ्या नोंदी, सगळ्या खोल्यांच्या, सगळ्या घरांना पाठवल्या. दादालाही. एकही घर सुटू दिलं नाही.

चहा घेतला नाही. पण नाश्ता खाल्ला— चव कडसर होती. आत्ता आठवतंय.

दुपार

सहा नंबरच्या मुलीचं उत्तर. “निघालेय. पोलिसांना घेऊन येते. तुम्ही तिथून हलू नका.”

हलू कशी. पाय कापसाचे— दाराला टेबल लावलंय. ऑफिसचा फोन मुका. दादाचं काही नाही—

चार वाजून दहा

झोपायचं नाही. लिहीत राहायचं. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे— माझं डोकं ठिकाणावर आहे. वाचणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं—

फाटकाशी गाडी. हॉर्न. पुन्हा हॉर्न. रखवालदार कुणाशी तरी वाद घालतोय— बाईचा आवाज, तोच—

ओरडले. आवाज घशातच—

मोठ्या सिस्टर खाली गेल्याच नाहीत. जिना चढताहेत. दोघी आहेत. टेबल सरकतंय. म्हणताहेत, घाबरू नको बाळ, एकच सुई, मग पाहुण्यांना तू छान झोपलेली—