घंटेनंतरचा नमस्कार

४ जानेवारी, रविवार

जमलं बाई एकदाचं! ठाकूरद्वारला खोली मिळाली. खोली म्हणजे जसिंता आंटींच्या घराची आतली खोली. लाकडी जिना, हिरवी खिडकी, खाली वाडीत चार कुंड्या आणि एक आळशी मांजर. लोअर परळच्या ऑफिसला इथून बस आहे, आणि शाळा गल्लीच्या तोंडाशीच. जूनमध्ये ओवीला इकडे आणायचं, म्हणून तर हा सगळा खटाटोप. पाच वर्षांची पोर चिपळूणला आईकडे ठेवून आलेय, आतडं तुटतंय नुसतं. तिच्या बाबाचा विषय मी इथेही काढणार नाही, उगाच शाई कशाला नासायची!

आंटी सत्तरीच्या, एकट्याच. नाताळचा उरलेला फराळ त्यांनी पुढे ठेवला आणि मी लाज न बाळगता फस्त केला. संध्याकाळी सातला त्यांनी क्रुसाखालची पितळी घंटा वाजवली, मेणबत्ती लावली, प्रार्थना म्हटली. आमच्याकडे दिवेलागणीला मोठ्यांना नमस्कार करायची सवय. ओवीसुद्धा न सांगता वाकते, आईने तसं वळणच लावलंय. माझीही कंबर आपोआप वाकली. आंटींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ उचललाच नाही. देव बरं करो माजी बाय, असं पुटपुटल्या. त्यांच्यातही घंटा झाली की घरची मुलं असाच आशीर्वाद मागतात म्हणे. त्यांची लेक एव्हलिन वारल्यापासून कुणी मागितलाच नव्हता. मला अगदी भरून आलं. चांगलं माणूस भेटलं, नशीब माझं.

७ जानेवारी, बुधवार

आज गंमतच झाली. आंटी नारळ खवत होत्या. तो खर्र खर्र आवाज कानावर पडला आणि मला इतका आनंद झाला, इतका, की मी चहाचा कप खाली ठेवून ढसाढसा रडले. नारळापायी कोण रडतं? आमच्या घरात नारळ रोज फुटतो, बोट कापल्याशिवाय माझ्या डोळ्यांत कधी टिपूस आलं नाही.

आंटी मुळीच दचकल्या नाहीत. आठवलं वाटतं, एवढंच म्हणाल्या. काय आठवलं ते विचारलं तर नुसत्या हसल्या. ऑफिसात मी हे कुणाला सांगितलं नाही. आधीच मला चिपळूणची येडी म्हणतात.

१३ जानेवारी, मंगळवार

आता गंमत वाटत नाही. आंटी मासळी आणायला निघाल्या आणि दाराची कडी वाजली. साधी लोखंडी कडी. पण मी जत्रेत हरवलेल्या पोरासारखी घाबरले. आता हिचे पाय जिन्यावरून उतरणार, मी एकटी पडणार, ही परत येणार नाही! आंटी येईपर्यंत मी खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसले होते. ऑफिसला दांडी.

खिळ्याला एक निळ्या काठाचं टमरेल टांगलंय, त्याच्याकडे बघितलं की घसा कडू होतो, औषध प्यायल्यासारखा. मी त्यातून कधी काही प्यायलेली नाही. थायरॉइड तपासून घ्यावं काय?

मी रोज वाकते. न वाकून कसं चालेल, सात वाजले की आंटी वाट बघत उभ्याच असतात.

१७ जानेवारी, शनिवार

खाली झेवियर अंकल राहतात, सुतारकाम करायचे. आज त्यांनी मला हाक मारून बसवलं आणि सरळच विचारलं, घंटेनंतर आशीर्वाद घेतलास काय? मी हो म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

एव्हलिन लहानपणापासून आजारी होती, त्यांनी सांगितलं. त्याच आतल्या खोलीत, माझ्याच खाटेवर, तीस वर्षांची होऊन गेली. तिचं सगळं जग म्हणजे ऐकू येईल तेवढं. आई नारळ खवतेय म्हणजे आई घरात आहे. कडी वाजली म्हणजे आई चालली. टमरेलातून औषध. आणि सातची घंटा म्हणजे आई येऊन जवळ बसणार. त्यांच्यात म्हणतात, ज्या घरात मूल गेलंय तिथे परक्याने घंटेनंतर आशीर्वाद मागू नये. मागितला तर गेलेल्या मुलाची जागा त्याला मिळते. जसिंताला हे ठाऊक होतं, तिने तुला अडवायला हवं होतं, असं म्हणून अंकल रडायलाच लागले. आत्ताच्या आत्ता निघ, म्हणाले, कपडेसुद्धा घ्यायला वर जाऊ नकोस.

मी निघाले होते. खरंच निघाले होते. वाडीच्या कमानीपाशी पोचले आणि वरून घंटा वाजली. इतकं बरं वाटलं! भानावर आले तेव्हा मी वर होते, वाकलेली, डोक्यावर आंटींचा हात.

१९ जानेवारी, सोमवार

तीनदा कडीला हात लावला. हात लावला की ती वाजते. वाजली की मी परत खाटेवर.

आंटी प्रेमाने वागतात. फार प्रेमाने. त्याचीच भीती वाटते. मला एव्हा म्हणतात. मी ओ देते.

२२ जानेवारी, गुरुवार

ओवीचा फोन आला. आई आई करून बोलत होती, दात पडला, शाळेत तारा मिळाला. मला काहीच झालं नाही. काही म्हणजे काहीच नाही. राँग नंबर लागल्यासारखं. माझी ओवी! जिच्या नुसत्या खोकल्याने मी झोपेतून उठून बसायचे!

तेवढ्यात आत आंटी नारळ खवायला लागल्या आणि मी आनंदाने फोन ठेवून दिला.

देवा, दुसरं काहीही ने. हे एवढं नको नेऊस.

२४ जानेवारी, शनिवार

आईला संशय आलाय. उद्या ओवीला घेऊन येतेय, मला घेऊन जायला. येऊ नका म्हणायला तोंड उघडलं — या, या, पोरीला घेऊनच या — असं निघालं. आवाज माझा नव्हता.

आंटींनी ऐकलं. पेटीतून लहान मुलीचा फ्रॉक काढून उन्हात घातलाय. खाटेला खाट जोडलीय.

मला कळलं. देवा, मला कळलं —

२५ जानेवारी

बोलता येत नाही. हात अजून माझा आहे. आई, तू हे वाच, आधी हे वाच. ओवीला इथे कुणाच्याही पाया पडू देऊ नकोस. तशीच उचल आणि पळ. माझ्यासाठी थांबू नकोस —

जिन्यावर पावलं. छोटी पावलं. ओळखते मी ती — ओळखायला हवीत —

आल्या. सात वाजत आलेत. आई बाहेर मम्माशी बोलतेय. मम्मा नाही, आंटी. आंटी, आंटी, आंटी. आता वही दाराखालून सरकवायची —

घंटा.

किती गोड वाजते. ओवी शहाणी आहे माझी, न सांगता वाक —

नको. ओवी, न —

फटीतून दिसतंय, मम्मानं तिच्या डोक्यावर हात ठेवलाय. किती बरं वाटतंय. आता कडी वाजली तरी मी एकटी नाही, आता आम्ही दोघी