आपाचं शून्य

१४ ऑक्टोबर, सोमवार

उणे! सगळे उणे!

वर्षभर हातापाया पडल्यावर हॉस्पिटलने एकदाचे तीस निरोगी बायकांच्या रक्ताचे नमुने पाठवले. आज ते आमच्या तपासणीच्या पट्टीवर लावले, तर एकूण एक आकडे शून्याच्या खाली. तोमिरिस खुर्चीत बसल्या बसल्या खो खो हसत होती. "कुरालाय ताते, या बायका निरोगीपेक्षाही निरोगी आहेत!" मला ताते, म्हणजे ताई म्हणते, माझ्या हाताखाली काम करते, पण जिभेला हाड नाही. मीही हसले. मग चिडले. पट्ट्यांची ही नवी खेप बिघडलेली असणार, दुसरं काय?

झुमाबेक आगायनी, म्हणजे आमच्या सरांनी, दारातूनच डोकावून विचारलं, "डिसेंबरात अहवाल द्यायचाय. त्यात काय लिहू? आजार शून्याखाली गेला म्हणून?" प्रोफेसर झाले म्हणून टोमणे मारायचे थांबत नाहीत.

१५ ऑक्टोबर

जुन्या खेपेतल्या पट्ट्या काढल्या. तेच. उणे.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज नीट लिहून काढते, म्हणजे माझं मलाच कळेल.

आमची पट्टी बोटाएवढी. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण, कणांवर अँटीबॉडी. बायकांच्या अंडाशयात गाठ वाढत असेल, तर तिचं एक प्रथिन रक्तात उतरतं. ते या अँटीबॉडीला येऊन चिकटतं आणि पट्टीतली वीज बदलते. थेंबभर रक्त, दहा मिनिटं, झालं. पण वीज कुणाच्याही रक्ताने थोडीफार बदलतेच. म्हणून आधी निरोगी माणसाचा आकडा घ्यायचा आणि प्रत्येकाच्या आकड्यातून तो वजा करायचा. निरोगी माणूस म्हणजे शून्य.

आणि आमचं शून्य कोण? आपा! माझी आई.

लॅबमध्ये सगळ्या पोरीबाळी. आम्हाला हवी होती साठीच्या पुढची बाई. हॉस्पिटलचे नमुने येतील तेव्हा येतील, तोवर काम कशाला अडवायचं? मागच्या हिवाळ्यात चहा पिताना मी घरी सहज बोलले, बायकांच्या गाठीसाठी पट्टी करतोय, रक्त हवंय. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत आपाने बाही वर सारली. "माझं घे की!" तेव्हापासून दर महिन्याला येते. मखमली जाकीट घालून, तळलेल्या बौर्साकांचा डबा घेऊन – जन्मभर बालवाडीच्या स्वयंपाकघरात राबली, रिकाम्या हाताने कुठे जाणं तिला जमतच नाही. आगाय तिची वाट बघत असतात. तिची म्हणजे डब्याची.

आणि निघताना दर वेळी विचारते, "काय गं, काय म्हणालं तुझं यंत्र?"

"शून्य, आपा! एकदम शून्य!"

"खरंच?" मग माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेते. किती कौतुक माझ्या यंत्राचं!

बायका शून्याखाली गेल्याच नसतील तर? शून्यच वर चढलं असेल तर?

नाही. उद्या बघू.

१७ ऑक्टोबर

तोमिरिसला काहीतरी आणायला बाजारात पिटाळलं. काही वजा न करता सगळे आकडे शेजारी शेजारी मांडले. तीस बायका एका घोळक्यात. आपा त्यांच्यात नाही. आपा वर आहे, हॉस्पिटलने आधीच दिलेल्या आजारी बायकांच्या नमुन्यांमध्ये.

फ्रीझरमध्ये तिच्या दर महिन्याच्या नळ्या ठेवलेल्या होत्या. सगळ्या काढल्या. हिवाळ्यातली नळी इतर बायकांपेक्षा जराशी वर. वसंतातली त्याहून वर. उन्हाळ्यातली आणखी वर. उन्हाळाभर आगाय ओरडत होते, "तुमची पट्टी आळशी होत चाललीय, आजारी बायकांचे आकडे दर महिन्याला खाली!" आळशी कसली! दर महिन्याला मी जास्त जास्त वजा करत होते.

आपा! माझी आपा!

१८ ऑक्टोबर

सगळं पुन्हा करून पाहिलं. तेच.

२० ऑक्टोबर, रविवार

ओल्झासकडे जेवायला गेले. आपा धाकट्या मुलाकडे, म्हणजे त्याच्याकडे राहते. जेवण झाल्यावर त्याला गाडी दाखवायच्या निमित्ताने खाली नेलं आणि सांगितलं. तो उगाच टायरची हवा दाबून बघू लागला. मग म्हणाला, "वाईट दुखणं?" त्या दुखण्याचं नाव आमच्यात कुणी घेत नाही. मी मानेनेच हो म्हटलं.

"ताते, आपाला कळता कामा नये."

"हो."

"काकांनाही कुठे सांगितलं होतं? अल्सर अल्सर म्हणत शांतपणे गेले बिचारे. कळलं की माणूस हाय खातं."

मी हो म्हणाले! दिवसभर लोकांच्या रक्तातला आजार लवकर कळावा म्हणून मरमर काम करणारी मी, आणि हो म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

तपासणीला न्यायचं कसं? ओल्झासने युक्ती काढली – हवापालटाच्या सॅनेटोरियमचं बुकिंग करतोय, त्यांना रक्ताची आणि पोटाची तपासणी लागते, असं सांगायचं. दोन वर्षांपूर्वी ती तीन आठवडे गेलीच होती ना, बारीक होऊन आली होती, "तिथलं पाणीच तसं" म्हणाली होती. त्यामुळे संशय येणार नाही.

वर जाऊन सांगितलं. आपाने पेला खाली ठेवला. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि हसायला लागली.

"सॅनेटोरियम! कुणाला सुचलं हे?"

"मला," ओल्झास म्हणाला.

"आईवर गेलास."

काय म्हणायचं होतं तिला, कोण जाणे. मी भांडी घासायला पळाले.

२३ ऑक्टोबर, बुधवार

रक्त देऊन झालं. रांगेत आपाने ओळखीपाळखी केल्या, एकीला लोणच्याची कृती सांगितली, दुसरीच्या सुनेची बाजू घेऊन भांडली. मध्येच माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "तुझं यंत्र तर सगळं ठीक म्हणतंय, मग इथे परत सुया कशाला टोचून घ्यायच्या?"

"त्यांना त्यांचा कागद लागतो, आपा."

"तोंड का असं तुझं? जेवली नाहीस?"

जेवले नव्हते.

२४ ऑक्टोबर

आगायना सांगावंच लागलं. त्यांनी सगळे आकडे पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. आणि म्हणाले, "म्हणजे तुमची पट्टी बरोबर आहे!" चेहरा उजळला होता. मग कुणाचं रक्त ते लक्षात आलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी आलं. "एकाच माणसाला शून्य धरलं. मीच परवानगी दिली, पोरी."

आणि मला? ते "बरोबर आहे" म्हणाले तेव्हा क्षणभर मला आनंद झाला. झाला! स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटली.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी ओल्झासला एकट्याला आत बोलावलं. मी आणि आपा बाकावर. बंद दाराकडे बघत आपा म्हणाली, "काय एवढं बोलतात?" मी म्हणाले, फीबद्दल असेल.

तो तोंडभर हसत बाहेर आला. लहानपणी काच फोडून आला की असाच हसायचा. "लोह कमी आहे, आपा, बाकी काही नाही!"

"मग घोड्याचं मटण आण," आपा म्हणाली. "चांगलं चरबीचं बघून आण."

तिला गाडीत बसवून तो डिकीच्या मागे गेला आणि तोंडावर रुमाल दाबून रडला. आकडा खूप वर आहे. आमच्या पट्टीने सांगितला तसाच. सोमवारी पोटाची सोनोग्राफी. लवकर सापडलं असेल तर वाचतात बायका, हे मला माहीत आहे. मीच तर अनुदानाच्या अर्जात लिहिलं होतं – लवकर सापडावं म्हणून ही पट्टी! लवकर आहे का हे? कुणीतरी लवकर आहे म्हणा!

३० ऑक्टोबर

भीती. दुसरं काही नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

आपा गेलेल्यांच्या नावाने शेल्पेकच्या पोळ्या तळत होती. सात. दर शुक्रवारी तळते, तेलाचा वास वर त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणते. मी शेजारी पीठ लाटत होते. किती दिवसांनी बरं वाटत होतं. तिने विचारलं, "काय म्हणतंय यंत्र?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सगळं पहिल्यापासून करायचंय, आपा. शून्यच चुकलं होतं."

"चुकलं म्हणजे?"

"काही नाही गं. आमच्यातलं तांत्रिक काहीतरी."

"माझं शून्य चुकलं?"

मी पटकन सावरलं, हसले, पट्ट्यांच्या खेपेवर ढकललं. ती हातात झारा धरून माझ्याकडे बघत राहिली. कढईतला शेल्पेक काळा झाला. आपाच्या हातून तळण करपलं! माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

घाबरली का ती? तिला कसं कळणार?

३ नोव्हेंबर, रविवार

आपाने आज मला आत बोलावलं, दाराला कडी लावली आणि पोटावरचा कपडा बाजूला केला. व्रण. बेंबीपासून खाली, जुना. दोन वर्षांपूर्वी ती सॅनेटोरियमला गेलीच नव्हती. शिमकेंतला मावशीकडे राहून अंडाशयातल्या गाठीचं ऑपरेशन करून आली होती – आम्ही मुलं हाय खाऊ म्हणून! दर तीन महिन्यांनी रक्त तपासत जा, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मग गेली का नाहीस?" मी ओरडले.

"जात होते की. मग तूच रक्त घ्यायला लागलीस." मी का ओरडतेय हेच तिला कळेना. "दर महिन्याला विचारत नव्हते का तुला? तूच सांगायचीस ना – शून्य, आपा, एकदम शून्य."