चार किलोची बॅटरी

बाबा,

कालपासून तुम्ही अबोला धरलाय, म्हणून चिठ्ठी. तुमच्या स्पोर्ट्स कारची नवी बॅटरी गॅरेजमधल्या टेबलावर ठेवली आहे. दुकानदार म्हणत होता, जरा जड घ्या, थंडीत गाडी पटकन सुरू होईल. मी हट्टाने सर्वांत हलकी, लिथियमची घेतली, जेमतेम चार किलोची. जुना चार्जर हिला चुकूनही लावू नका.

अठरा किलोची जुनी काढायला मेकॅनिककाका दहाला येतील. तोवर हात लावू नका, पाठीचं ऑपरेशन आठवा.

नोकरी दूर आहे, पण मी चाललेय. काल बोलले ते बोलले.

हलकी बॅटरी वेगासाठी नाही घेतली. दर हिवाळ्यात जुनी बॅटरी चार्जिंगसाठी बाहेर काढताना एक बाजू तुम्ही धरायचात, दुसरी मी. आता तुम्हाला एकट्यालाच उचलावी लागेल.