पाइपाचे वळण

अड्याळ, ११ फेब्रुवारी १९८१

मोटारीत धूर येतो म्हणून शांता बाळंतपणाला लाखांदूरला, माहेरी, एसटीनेच जाणार होती. आठव्या महिन्यात, त्या धक्क्यांत? मला पटेना. आज गळका सायलेन्सर पाइप काढला आणि पंपाच्या जुन्या लोखंडी पाइपातून नवा कापला. वळणावर चपटा होऊ नये म्हणून आत कोरडी वाळू ठासली, लोहाराच्या भट्टीत लाल करून वाकवला. वळण गोल आले. टिकेल ना? टिकेल.

संध्याकाळी जोड आवळून इंजिन चालू केले. शांता काचा चढवून आत बसली. मी वाकून पुन्हा वळण पाहिले. कुठेच धूर नाही.

“काहून वाकून राहिले सारखे? वास नाही येत,” ती म्हणाली. “मायले निरोप धाडा. स्टँडवर नको येऊ म्हना, आम्ही दारातच उतरतो.”