जुन्या मशीनचा शब्द माझ्यामागे कोणी द्यायचा

हे लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल आधी तुम्हा दोघा भावंडांची माफी मागतो. डॉक्टरांनी छातीच्या ऑपरेशनची तारीख दिली तेव्हाच लिहायला हवे होते. पण मृत्युपत्र लिहिले की माणूस मरतो, असे माझ्या मनाने घेतले होते. शेजारच्या शिवणवाल्या बाई आज सकाळी म्हणाल्या की नाही लिहिले तरी मरतो, फक्त मागे घोळ घालून जातो. उद्या भरती व्हायचे आहे, म्हणून आज बसलो.

मी, खाली सही करणारा, धंद्याने रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा, शिक्षण सातवी (आठवीची पुस्तके आणली होती, ती तशीच राहिली), पुऱ्या शुद्धीत आणि कोणाच्याही भिडेला न पडता हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, छाती तेवढी नाही. याआधी मी असला कागद केलेला नाही. कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा, आणि मेहुण्यांनी दाखवला तर नक्कीच खोटा समजावा.

कलम पहिले, घर. दोन्ही खोल्या मुलगी आणि मुलगा यांना निम्म्या-निम्म्या. स्वयंपाकघराचा नळ बंद झाला असे वाटते, पण होत नाही. शेवटी जरा दाबून फिरवावा लागतो. मी दवाखान्यात असताना हे कोण करणार, याची मला आत्तापासून काळजी लागली आहे. पुढच्या खोलीतल्या प्लगला माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या मशीनशिवाय काही लावू नये, इस्त्री तर मुळीच नको.

कलम दुसरे, शिल्लक. बँकेत असेल त्यातून दवाखान्याचे भागवून उरेल ते दोघांचे. काही उरले नाही तर बोल लावू नका. तुमच्या आईची अंगठी मुलीची. तसे ती स्वतःच सांगून गेली आहे.

कलम तिसरे, हत्यारे. सोल्डरिंग आयर्न, पक्कडी, स्क्रू ड्रायव्हर, भिंग, सगळे मुलाला. करंट तपासायचे मीटर देता येत नाही, कारण ते मेहुण्यांनी दोन दिवसांच्या बोलीवर नेले आणि त्यानंतर त्यांच्या नातवाचे लग्नसुद्धा झाले. ते मीटर मी या कागदाने मेहुण्यांना देऊन टाकत आहे. माझ्या माघारी त्यांच्या घरात दुसऱ्याची वस्तू राहू नये.

कलम चौथे, पुढच्या खोलीतले जुने मशीन. हा सगळा खटाटोप याच कलमासाठी आहे.

टीव्ही दुरुस्तीला येईनासे झाले तेव्हा मी जुने कॉम्प्युटर उघडायला लागलो. मशीन धडधाकट असायचे, पण ते बनवणाऱ्या कंपनीने हात वर केलेले असायचे, की आता यावर आमचे काही चालणार नाही. तेव्हा कोणीतरी मला ठिगळ दिले. ठिगळ ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, म्हणजे मशीन सुरू झाल्यावर आधी स्वतः जागे होऊन मग बाकीच्यांना कामाला लावणारी. ती फुकट आहे, आतून उघडी आहे, कोणीही बघावी आणि सुधारावी. ती चालवणारी मंडळी गावोगावची, पोटापाण्याची कामे सांभाळून हे करणारी. नाव त्यांनीच थट्टेने ठेवले. तुमची आई म्हणायची, "फुकटचं काम आणि नाव काय, तर ठिगळ. शोभतं तुम्हाला."

मला त्यातले लिहिता येत नाही. माझ्याकडे एकच काम आहे. नवी आवृत्ती निघायची असली की ती मी माझ्या जुन्या मशीनवर घालतो, रात्रभर प्लग काढून ठेवतो आणि सकाळी थंड मशीन सुरू करतो. तापलेले मशीन कसेही सुरू होते, खरे ते थंडच सांगते. मग सुरू झाले की नाही ते मंडळींना कळवतो, त्यालाच आम्ही शब्द देणे म्हणतो. आमच्यात रीत अशी आहे की ज्याच्या बोटाने मशीन सुरू झाले त्यानेच शब्द द्यायचा. ऐकीव शब्द चालत नाही, आणि ज्या मशीनचा शब्द आला नाही ते आवृत्तीतून वगळले जाते. एकदा वगळलेले पुन्हा आत आल्याचे मी पाहिलेले नाही. माझ्या मशीनच्या जातीची आता थोडीच उरली आहेत. वाचनालयात आहेत, शिवणवाल्या बाईंच्या वर्गात आहेत, आणखी कुठे असतील ते मला ठाऊक नाही, आणि त्याचीच धास्ती जास्त.

यंदाची आवृत्ती अगदी साधी आहे. फोनवर सगळ्यांची बैठक झाली तेव्हा आमच्या मास्तरीणबाईंनी, म्हणजे आवृत्तीचा कारभार बघतात त्यांनी, आधीच सांगून टाकले की नवे काही घालायचे नाही. रंग तेच, चित्रे तीच, नुसती जुनी भोके बुजवायची आणि सोडायची. त्यावर दाढी बोलला. त्याला सगळे दाढीच म्हणतात, मीही म्हणतो. माणूस हुशार आहे, पण त्याला दरवेळी जुनी मशीने वगळायची असतात. त्यांच्यापायी आपली निम्मी ताकद जाते, असे त्याचे म्हणणे. त्याचे अगदीच चुकते असे नाही. तरी माझे त्याच्याशी वाकडे आहे, आणि ते मी कोणाच्या नावे करत नाही, बरोबर नेतो.

आता घडले ते लिहितो, म्हणजे मुलीलाही सगळे नीट कळेल. तपासण्यांसाठी मला दवाखान्यात ठेवले होते. परत आल्यावर नवी आवृत्ती घातली, सकाळी बटण दाबले आणि मशीन जे सुरू झाले ते कधी नव्हे इतके झटकन. मला वाटले, दाढीने या वेळी खरेच काहीतरी केले. मी कळवले की सुरू झाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा दाढीला शाबासकी दिली. तोही गोंधळला असणार.

नंतर पायमोजे मशीनवर वाळत टाकले. माझी ती जुनी सवय आहे, डबा वरून चांगला तापतो. संध्याकाळी बघतो तर मोजे ओलेच. आधी वाटले हवा दमट आहे. मग वाटले माझ्याच हातांना ऊन-गार कळेनासे झाले, हे हृदयाचेच लक्षण असेल. डॉक्टरांना फोन करणार होतो. शेवटी डबा उघडला. आत कोरा करकरीत मदरबोर्ड, तापायचे नाव नाही, हातभर जागा मोकळी. डबा तेवढा माझा होता.

हे मुलाने केले होते. मी दवाखान्यात असताना त्याने आतले सगळे बदलून घेतले आणि वाढदिवसाला सांगायचे ठरवले होते. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही रोज त्याच्यापुढं बसून कुढता. म्हटलं, एवढी तरी काळजी कमी होईल."

मी म्हणालो, "माझी काळजी कमी केलीस आणि माझा शब्द खोटा केलास."

त्यापुढे बरेच बोललो, ते इथे लिहीत नाही. तो जुना बोर्ड टॉवेलात गुंडाळून टेबलावर ठेवून गेला. त्यानंतर फोन उचलत नाही.

मी लगेच मंडळींना कळवले की माझा शब्द परत घेतो, मशीन ते नव्हतेच. शाबासकीही परत घेतली. दाढीने विचारले की एका माणसाच्या एका मशीनपायी सगळ्यांनी किती थांबायचे. मास्तरीणबाई म्हणाल्या, "काका, जुनं आतडं परत बसवा, थंड करा, बघा आणि सांगा. रविवारपर्यंत मी थांबते. त्यापुढे मला नाही थांबता येणार."

तर रविवारी मी दवाखान्यात असेन, शुद्धीत असेन की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत. जुना बोर्ड बसवायला गेलो तर हात कापतात, एखादी पिन वाकली तर खेळ खलास. मुलगी ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटर चालवते, पण उघडलेला डबा बघून तिला घाम फुटतो. म्हणून ते मशीन, जुन्या बोर्डासकट, मी मुलाला देतो. आणि त्याच्याबरोबर शब्द द्यायचे काम देतो. नको असेल तर त्याने तसे मास्तरीणबाईंना सांगावे, मी बळजबरी करत नाही. हे कलम मात्र मी मरेपर्यंत थांबायचे नाही, आजपासूनच लागू समजावे. कायद्यात असे बसते का ते मला माहीत नाही.

कलम पाचवे. या कागदाप्रमाणे सगळे करून घ्यायचे काम मुलीचे. ती रागावेल, पण करेल.

साक्षीदाराला मृत्युपत्रात काही मिळता कामा नये असे ऐकून आहे, म्हणून शिवणवाल्या बाईंना काही ठेवलेले नाही. मशीन टिकण्यात त्यांचा स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही.

साक्षीदार: शिवणवाल्या बाई, शेजारी. सही केली.
साक्षीदार: कोपऱ्यावरचे चष्मेवाले. सही केली, आणि माझा नंबर वाढला आहे असेही सांगितले.
लिहिणार: मी. सही खाली केली आहे, थोडी हलली आहे, पण माझीच आहे.
ठिकाण: पुढची खोली, मशीनसमोर.
तारीख: दवाखान्यात भरती व्हायच्या आदला दिवस, शुक्रवार.

सहीनंतर, त्याच साक्षीदारांसमोर जोडतो. चष्मेवाले सही करत असताना मुलगा आला. कागद वाचला नाही. खाली बसून डबा उघडला आणि टॉवेल सोडला. बाई म्हणाल्या, "आलास का रे दुरुस्तीवाल्या." त्यावर जरा हसला. मग मला म्हणाला, "बाबा, हा स्क्रू कुठला?" मी सांगितले. बोर्ड बसला आहे. पिन वाकली नसावी, पण मला दिसत नाही आणि त्याला पुन्हा पुन्हा विचारायचे धाडस होत नाही.

आता प्लग काढून ठेवला आहे. उद्या सकाळी मशीन थंड असेल तेव्हा मी इथे नसेन. बाळा, बटण तू दाब. नाही सुरू झाले तर नाही झाले म्हण. माझ्या छातीकडे बघून हो म्हणू नकोस. आधी मास्तरीणबाईंना कळव, मग मला. मी गुंगीत असलो तर नर्सबाईंजवळ निरोप ठेव, त्यांना मी सांगून ठेवणार आहे. काय असेल ते, पण लवकर कळव.